कॅमेरा दुरुस्तीचे फसवे दर: कॅमेरा देण्याआधीपासून बिल मिटेपर्यंत

कॅमेरा दुरुस्तीला टाकताना ऐकलेला आकडा आणि परत घेताना भरलेला आकडा यांत मोठी तफावत पडली, की दुकानाने मध्येच दर वाढवला असे वाटते. बहुतेक वेळा मुळात दर ठरलेलाच नसतो. तुम्ही लक्षण सांगता: "फोटो काळा येतो." समोरचा त्या लक्षणावर ढोबळ आकडा सांगतो. बिल मात्र भागांचे आणि मजुरीचे लागते. लक्षण आणि प्रत्यक्ष बिघाड यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, तिथेच फसवी किंमत शिरते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: ती जागा कॅमेरा हातातून सोडण्यापूर्वी लेखी बुजवायची.

चांगला कारागीर अशा लेखी विचारण्याने नाराज होत नाही. नंतरचा वाद त्यालाही नको असतो. नाराज कोण होतो, हीदेखील माहितीच आहे.

१. दर कसा सांगतात ते समजून घ्या

दर सांगण्याच्या तीन पद्धती आहेत. ठोक दरात मॉडेल आणि कामाचा गट पाहून एकच रक्कम असते, भाग आणि मजुरी धरून. दुसऱ्या पद्धतीत भागाची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी. तिसरी तासावर. तिन्ही रास्त आहेत. जाहिरात एका पद्धतीने आणि बिल दुसऱ्या पद्धतीने आले, की घोळ सुरू होतो.

नेहमी दिसणारे सापळे असे:

- "इतक्यापासून सुरू". हा सगळ्यात साध्या मॉडेलचा, सगळ्यात हलक्या कामाचा आणि बहुधा नुसत्या मजुरीचा दर असतो. त्याला एकच प्रश्न विचारा: "माझ्या मॉडेलला, भाग आणि कर धरून, जास्तीत जास्त किती?"
- "तपासणी मोफत". दुरुस्ती त्यांच्याकडेच केली तर मोफत, असा त्याचा अर्थ असू शकतो. नकार दिलात की उघडण्याचे, पुन्हा जोडण्याचे आणि परत पाठवण्याचे पैसे पुढे येतात. नकाराची किंमत आधी विचारलेली नसेल, तर तुम्हाला नकार देणेच परवडत नाही, आणि मग सांगतील तो आकडा मान्य करावा लागतो.
- गट बदलणे. ठोक दराच्या यादीत साधा बिघाड, मोठा बिघाड, आणि आघात किंवा पाणी असे गट असतात. शेवटचा गट सगळ्यात महाग. कोपऱ्यावरचा जुना ओरखडा दाखवून कॅमेरा त्या गटात ढकलला जातो, मग बिघाडाचा त्या ओरखड्याशी संबंध असो वा नसो.
- जुना भाग, नवी किंमत. स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना मूळ भाग मिळणे अवघड होत गेले आहे. निकॉनने अमेरिकेत २०१२ मध्ये स्वतंत्र दुकानांना सुटे भाग विकणे थांबवले आणि २०२० मध्ये तिथली बाहेरच्या अधिकृत केंद्रांची व्यवस्थाही बंद केली. त्यामुळे मोडक्या कॅमेऱ्यातून काढलेला भाग वापरणे ही अनेकदा गरज असते, आणि त्यात गैर काही नाही. तो नवा म्हणून विकणे गैर आहे.
- "अधिकृत" हा शब्द. पाटीवर किंवा संकेतस्थळावर कंपनीचे चिन्ह असणे म्हणजे अधिकृत केंद्र असणे नव्हे. निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव आणि पत्ता दोन्ही जुळतात का ते पाहा.
- ठेवणावळ. अंदाज कळवल्यावर ठरावीक दिवसांत उत्तर दिले नाही तर दररोजचे शुल्क. हे कलम बहुधा पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरात असते.

हे सापळे एकमेकांवर कसे चढतात ते पाहा. जाहिरातीतला दर १०० धरू. तो नुसत्या मजुरीचा निघाला आणि भाग ७० चा. "उघडल्यावर दिसले" म्हणून सफाई २०, कॅलिब्रेशन (मोजून केलेली जुळणी) ३०, परत पाठवणे १५. झाले २३५, आणि कर त्यावर वेगळा. यातला एकही आकडा सुटा पाहिला तर भयंकर वाटत नाही. म्हणूनच एकेक आकडा पाहू नका, पहिल्याच दिवशी कमाल बेरीज मागा.

२. बिघाड खरोखर आहे का, आणि कुठे आहे, ते घरीच तपासा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. अर्धा तास पुरतो, आणि "मेन बोर्ड गेला" असे ऐकण्याआधी तुमच्या हातात काहीतरी पक्के असते. कॅमेरा उघडायचा मात्र नाही. अंगभूत फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यातला कॅपॅसिटर साधारण ३०० व्होल्टपर्यंत भारित होतो आणि बॅटरी काढल्यावरही तो भार बराच वेळ टिकतो.

आधी बिघाड नसलेल्या गोष्टी बाजूला काढा.

- निकॉनवर "एफईई" असे दिसते आणि शटर पडत नाही: लेन्सवर अॅपर्चरची कडी असेल तर ती सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे सगळ्यात लहान छिद्रावर, नेऊन लॉक करा. दुरुस्ती लागत नाही.
- कॅननवर "एरर ०१": लेन्स आणि बॉडी यांच्यातला संपर्क तुटला आहे. दोन्हीकडचे सोनेरी कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, दुसरी लेन्स लावून पाहा. "एरर ०२" कार्डाशी निगडित असते, कार्ड बदलून पाहा.
- व्ह्यूफाइंडर धूसर, पण फोटो स्वच्छ: डोळ्याच्या नंबरासाठी असलेली डायॉप्टरची चकती फिरली आहे.
- कॅमेरा बंद असताना हलवल्यावर आतून खडखड: सेन्सर (फोटो टिपणारी चिप) हलवून स्थिरता देणाऱ्या अनेक बॉडींमध्ये बंद अवस्थेत सेन्सरची चौकट मोकळी असते. चालू केल्यावर आवाज थांबला तर ते नेहमीचे आहे.
- चार फोटो काढले की कॅमेरा बंद पडतो: आधी बॅटरी पाहा. निकॉनच्या बॅटरी माहितीत वय ० ते ४ असे दिसते, ४ म्हणजे बदलायची वेळ. कॅननमध्ये चार्ज धरण्याची क्षमता पट्ट्यांनी दाखवतात, लाल पट्टी म्हणजे बॅटरी थकली.
- फोकस सातत्याने थोडा पुढे किंवा मागे: कॅनन आणि निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉडींत प्रत्येक लेन्ससाठी उणे २० ते अधिक २० अशी बारीक जुळणी मेनूतच असते.

यातून सुटले नाही, तर बिघाडाची जागा शोधा. बिल कोणत्या भागाचे येणार हे त्यावर ठरते.

शटर की सेन्सर? फोटोत काळा पट्टा येतो किंवा अर्धी चौकट अंधारते. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरवर एक फोटो घ्या, मेकॅनिकलवर दुसरा. पहिला स्वच्छ आणि दुसरा खराब असेल तर सेन्सर ठीक आहे, दोष यांत्रिक शटरचा. डीएसएलआरमध्ये हाच पडताळा व्हिडिओवरून होतो: व्हिडिओ स्वच्छ आणि फोटोत पट्टा, म्हणजे शटर. यानंतर सेन्सर बदलायला सांगणाऱ्याला कारण विचारता येते. लेन्स काढून शटरची पाती नुसती पाहा, बोट लावू नका. ती कागदाहूनही नाजूक असतात.

डाग की सेन्सरचा दोष? अॅपर्चर एफ/२२ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो घ्या, फोकस मुद्दाम बिघडवा. करडे, मऊ कडांचे ठिपके म्हणजे धूळ. ती सेन्सरवर नव्हे, त्याच्यावरच्या फिल्टरच्या काचेवर बसलेली असते आणि सफाईने जाते. एफ/४ वर तेच ठिपके जवळपास दिसेनासे होतात. लांब एक्स्पोजरला ठरलेल्या जागी चमकणारा लाल, निळा किंवा पांढरा टोकदार बिंदू म्हणजे हॉट पिक्सेल. ऑलिम्पससारख्या काही कॅमेऱ्यांत असे बिंदू झाकणारी सोय, पिक्सेल मॅपिंग, मेनूतच आहे.

स्क्रीन की फ्लेक्स? दुमडणारी स्क्रीन काही कोनांत चालते आणि काही कोनांत विझते, तर बिजागरीतून जाणारी फ्लेक्स पट्टी (वायरींऐवजी असणारी पातळ, लवचीक पट्टी) तुटत आली आहे. पट्टीच्या जागी अख्ख्या स्क्रीनचे बिल हा फार जुना प्रकार. काही मॉडेलांत पट्टी स्क्रीनच्या जोडणीसकटच मिळते, म्हणून थेट आरोप करू नका, भाग क्रमांक विचारा.

लेन्समध्ये काय गेले? पूर्ण उघड्या अॅपर्चरला फोटो येतो आणि एफ/८ ला एरर येतो, तर संशय अॅपर्चरच्या यंत्रणेवर किंवा तिच्या फ्लेक्सवर. कॅननच्या २४-१०५ एफ/४ एल या लेन्सच्या पहिल्या आवृत्तीत ही फ्लेक्स जाणे हा सर्वपरिचित बिघाड आहे. त्यासाठी फोकस मोटर बदलावी लागत नाही.

फिल्म कॅमेरे. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या कॅमेऱ्यांत मागच्या झाकणाचा फोम चिकट होऊन उजेड आत शिरतो. फोम बदलणे हे हलके काम आहे, शटर उतरवावे लागत नाही. १९७६ च्या कॅनन एई-१ मध्ये फोटो घेताना येणारी दम लागल्यासारखी शिट्टी आरशाच्या दट्ट्याजवळच्या गिअरचे वंगण सुकल्याने येते. तेल योग्य जागी गेले की ती थांबते, "शटर संपले" असे काही नसते. आणि १.३५ व्होल्टच्या पारा बॅटरीसाठी बनलेल्या कॅमेऱ्यात १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली तर उजेड मोजणारा मीटर चुकतो. ही चूक मीटरची नाही, म्हणून मीटर बदलण्याचे बिल मान्य करू नका.

एक शेवटचा पडताळा, बिलात "शटर बदलले" असे येण्याची शक्यता असेल तर. निकॉन झेड९ आणि झेड८ मध्ये यांत्रिक शटरच नाही, सोनी ए९ थ्रीमध्येही नाही. आपल्या मॉडेलमध्ये काय आहे आणि काय नाही, हे पुस्तिकेतून एकदा वाचून ठेवा.

३. पैसे द्यायचे आहेत का, ते पाहा

मॉडेलचे नाव आणि "सेवा सूचना" असे शब्द घालून निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोधा, अनुक्रमांक टाकून पाहा. निर्मितीतला दोष मान्य करून कंपन्या वॉरंटी संपल्यावरही मोफत काम करतात. निकॉन डी६०० च्या सेन्सरवर पडणाऱ्या डागांसाठी कंपनीने २०१४ मध्ये तपासणी आणि शटर बदलणे मोफत केले. डी७५० च्या शटरबाबत २०१५ मध्ये अनुक्रमांकानुसार अशीच सूचना निघाली. कॅननच्या पहिल्या ५डी मध्ये आरसा निखळण्याचा दोष होता, तोही कंपनीने मोफत दुरुस्त करून दिला. जुन्या योजना बंद होतात, त्यामुळे आजची स्थिती थेट कंपनीला विचारा. अशी योजना चालू असताना बाहेरच्या दुकानाने त्याच कामाचे पैसे सांगितले, तर ते दुकान एकतर अजाण आहे किंवा गप्प आहे. दोन्ही बाबतींत कॅमेरा तिथे देऊ नये.

४. कॅमेरा देण्यापूर्वीची नोंद आणि कागद

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- खरेदीचे बिल आणि वॉरंटी कार्ड (वॉरंटी संपली असली तरी, मालकीसाठी)
- अनुक्रमांकाचा फोटो. बहुतेक बॉडींत तो तळाशी असतो.
- सहा बाजूंचे फोटो आणि लेन्सच्या पुढच्या व मागच्या काचेचे तिरप्या उजेडातले फोटो
- स्क्रूंचे जवळून फोटो. डोके झिजलेले स्क्रू म्हणजे कॅमेरा आधी कुणीतरी उघडला आहे. ते आज दिसत नसतील आणि नंतर दिसले, तर कुणी उघडला याचा पुरावा तुमच्याकडे असतो.
- बिघाड दाखवणारे दोन-तीन मूळ फोटो किंवा व्हिडिओ, न छाटलेले
- शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा पडले तो आकडा. निकॉनच्या फोटोतल्या एक्झिफ माहितीत (फोटोच्या फाइलमध्येच साठणाऱ्या नोंदीत) तो मिळतो. कॅननच्या बहुतेक बॉडींना यूएसबीने जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो.
- जाहिरातीचा किंवा दरपत्रकाचा तारखेसह स्क्रीनशॉट. ही एक गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि तक्रारीच्या वेळी पानावरचा दर बदललेला असतो.

कार्ड, बॅटरी, पट्टा, फिल्टर काढून घ्या. बिघाड बॅटरीशी निगडित असेल तरच बॅटरी द्या आणि पावतीवर लिहून घ्या. लेन्सचा दोष नसेल तर लेन्स देऊ नका, बॉडीला झाकण लावून द्या. सेटिंग कार्डवर जतन करता येत असतील तर करा, दुरुस्तीत ती पुसली जाऊ शकतात.

५. लेखी अंदाज मागा, या शब्दांत

तोंडी बोलणे झाले तरी त्यानंतर ईमेल किंवा मेसेज पाठवाच. असा मजकूर पुरतो:

"मॉडेल अमुक, अनुक्रमांक अमुक. लक्षण: मेकॅनिकल शटरवर १/५०० च्या वर फोटोच्या वरच्या भागात काळा पट्टा येतो, इलेक्ट्रॉनिक शटरवर येत नाही. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. १) तपासणी शुल्क किती, आणि दुरुस्ती केल्यास ते बिलात वळते होते का. २) दुरुस्ती नाकारल्यास एकूण किती द्यावे लागेल, परत पाठवण्यासह. ३) भाग, मजुरी, कर धरून कमाल रक्कम. ४) बदलल्या जाणाऱ्या भागाचे नाव व क्रमांक, नवा मूळ, पर्यायी की वापरलेला. ५) केलेल्या कामाची हमी किती दिवस. माझ्या लेखी मंजुरीशिवाय अमुक रकमेपुढे कोणतेही काम करू नये. बदललेले भाग परत हवेत."

लक्षण लिहिताना निदान लिहू नका. "शटर बदलायचे आहे" असे तुम्हीच लिहिलेत तर ते शटर बदलतील, दोष दुसरीकडे निघाला तरी बिल रास्त ठरेल, कारण मागणी तुमची होती. काय दिसते, कोणत्या सेटिंगला दिसते आणि कधी दिसत नाही, एवढेच लिहा.

कमाल रक्कम किती टाकावी? त्याच मॉडेलचा चालू स्थितीतला जुना कॅमेरा बाजारात कितीला मिळतो ते पाहा. दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या वर गेली, तर सहसा दुरुस्ती करू नये. शटर काउंटही विचारात घ्या. कॅनन ५डी मार्क ४ चे शटर दीड लाख, निकॉन डी८५० चे दोन लाख क्लिकपर्यंत तपासलेले असते. त्या आकड्याच्या आसपास पोचलेल्या बॉडीत दुसरा महाग भाग घालताना दहादा विचार करा. वडीलधाऱ्यांचा जुना फिल्म कॅमेरा असेल तर हा हिशोब लावू नका, तिथे किंमत वेगळीच असते. पण वरची मर्यादा तिथेही लिहून द्या.

हमी कमीत कमी ९० दिवसांची मागा. ती भागावर आहे की कामावर, हेही विचारा.

६. "उघडल्यावर आणखी निघाले" असा फोन आला तर

हे खरेही असू शकते. पाणी गेलेल्या कॅमेऱ्यातला गंज वरून दिसत नाही, आणि बुरशी कोणत्या काचेवर किती खोल गेली हे लेन्स सुटी केल्यावरच कळते. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर सफाईनंतरही खुणा राहतात. म्हणून फोनवर हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. एवढे मागा: सापडलेल्या दोषाचा फोटो, ज्यात अनुक्रमांक किंवा तुमची जॉबकार्डची (दुकानाच्या कामाच्या नोंदीची) चिठ्ठी दिसते, नव्या भागाचे नाव व क्रमांक, आणि नवी एकूण रक्कम.

मग प्रत्येक ओळ तपासा. काही ओळी खरोखर एकत्र येतात. डीएसएलआरमध्ये मिरर बॉक्स उतरवला तर फोकसची जुळणी पुन्हा करावी लागते, शटर बदलले तर त्याचा वेग जुळवावा लागतो, तिथे कॅलिब्रेशनची ओळ रास्त आहे. बॅटरीचे दार किंवा पकडीवरचे रबर बदलल्यावर फोकस कॅलिब्रेशन लावले असेल तर ती ओळ काढायला सांगा. "शटर असेंब्ली" आणि "शटरची पाती" असे दोन्ही लावले असेल तर खुलासा मागा, कारण असेंब्लीत पाती येतातच. शटर चार्ज करणारी मोटर मात्र काही बॉडींत खरोखर वेगळा भाग असते. "सर्वसाधारण सर्व्हिसिंग" या ओळीत नेमके काय केले, हे लिहून मागा. फिल्म कॅमेऱ्याच्या सफाई, वंगण आणि जुळणीच्या कामात तर दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे मोजलेले शटरवेग देणे सहज शक्य आहे. १/१००० ला प्रत्यक्ष १/५०० मिळत असेल तर पूर्ण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड पडतो, आणि मोजल्याशिवाय "जुळवले" म्हणण्याला अर्थ नाही.

पटले नाही तर नकार द्या, आणि कॅमेरा पूर्ण जोडून, होता त्या स्थितीत परत मागा. डब्यात सुटे भाग घेऊन निघू नका. नंतर दुसरा कारागीर अर्धवट सुटलेला कॅमेरा घेत नाही, घेतलाच तर जोडणीचे पैसे वेगळे लावतो.

७. परत घेताना, पैसे देण्यापूर्वी

वीस मिनिटे काढा. स्वतःचे कार्ड, बॅटरी आणि लेन्स बरोबर न्या.

- दिवसाच्या उजेडात पांढऱ्या भिंतीचे फोटो १/३०, १/२५०, १/१००० आणि १/४००० ला घ्या. एका कडेला अंधार आला तर शटरची जुळणी चुकली आहे. दिव्याखाली हे करू नका, एलईडी आणि ट्यूबच्या लुकलुकण्याने खोटे पट्टे येतात आणि वाद भलतीकडेच जातो.
- एफ/२२ चा धुळीचा फोटो.
- लेन्स उघडली असेल तर विटांच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून पूर्ण उघड्या अॅपर्चरला फोटो. चारही कोपरे सारखे हवेत. एकच कोपरा मऊ आला तर काच तिरकी बसली आहे. दूरच्या वस्तूवर अनंत फोकस होतो का, तेही पाहा. झूम असेल तर दोन्ही टोकांना.
- फ्लॅश, दोन्ही कार्डांचे खाचे, सगळी बटणे, माइकची जागा. उघडलेल्या कॅमेऱ्यात एखादी फ्लेक्स नीट न बसणे हा नेहमीचा दोष आहे.
- अनुक्रमांक जुळतो का, जुने भाग मिळाले का, बिलात भाग आणि मजुरी वेगळी आहे का.

शटर काउंट शून्य झाला नाही म्हणून शटर बदललेच नाही, असा निष्कर्ष काढू नका. तो आकडा शटरमध्ये नसतो, बोर्डाच्या मेमरीत असतो. चाचणीत काही डझन किंवा शे-दोनशे क्लिक वाढणे साहजिक आहे. आकडा अचानक खूप बदलला असेल आणि बिलात बोर्डाचा उल्लेख नसेल, तर मात्र बोर्ड बदलला का हे विचारा.

पैसे शक्यतो कार्डाने द्या. रोखीचा आग्रह आणि "बिल नको असेल तर कमी करतो" हे एकत्र आले, की हमीही गेली आणि तक्रारीचा पुरावाही.

८. बिल फसवे निघाले तर

भांडणाने सुरुवात करू नका. तुमच्या लेखी मर्यादेचा मेसेज समोर ठेवा आणि म्हणा, "याच्या पुढची रक्कम मी मंजूर केलेली नाही, ही ओळ कमी करा." बऱ्याच वेळा इथेच मिटते, कारण लेखी काही असेल अशी समोरच्याची अपेक्षा नसते.

"पूर्ण पैसे दिल्याशिवाय कॅमेरा मिळणार नाही" असे सांगितले तर कॅमेरा हिसकावू नका. बऱ्याच देशांत काम केलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला असतो. कॅमेरा लगेच हवा असेल तर पैसे द्या, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर "वादग्रस्त रक्कम अमुक, हरकतीसह भरली" असे लिहून तारीख आणि सही करा. काही न लिहिता भरलेले पैसे मान्य केलेले पैसे समजले जातात.

घरी आल्यावर त्याच दिवशी लेखी तक्रार पाठवा:

"जॉब क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी कमाल रक्कम अमुक ठरली होती (मेसेजची प्रत सोबत). बिल अमुक रकमेचे आहे. पुढील ओळींना माझी मंजुरी नव्हती: ... जादा रक्कम अमुक १४ दिवसांत परत करावी. अन्यथा मी बँकेकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईन."

यात विशेषणे नकोत. "लुटारू" हा शब्द लिहिला की चर्चा रकमेवरून तुमच्या भाषेवर जाते. तारखा, आकडे, जोडपत्रे, बस.

१४ दिवसांत उत्तर आले नाही तर तीन वाटा आहेत. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या बऱ्याच प्रकारांत मुदत १२० दिवसांची असते, पण बँक तुमच्याकडून अर्ज लवकर मागू शकते, म्हणून थांबू नका. अर्जात "महाग लावले" असे कारण लिहिलेत तर तो फेटाळला जाईल. "मंजूर रकमेपेक्षा जास्त घेतले" किंवा "बिलातले काम झालेले नाही" असे नेमके कारण पुराव्यासह हवे. दुकान अधिकृत असेल तर निर्मात्याच्या ग्राहक विभागाला जॉब क्रमांकासह कळवा. अधिकृत दर्जा टिकवायचा असल्याने केंद्र तिथे लवकर हलते. आणि तिसरी वाट तुमच्या भागातली ग्राहक तक्रार यंत्रणा. तिथे जाहिरातीचा तो स्क्रीनशॉट, तुमचा मेसेज आणि बिल हे तीन कागद बाकी सगळ्यापेक्षा जास्त कामाला येतात.

काम झालेच नाही असा संशय असेल तर दुसऱ्या कारागिराकडून लेखी निरीक्षण घ्या: कोणता भाग जुना आहे, कुठले स्क्रू उघडलेले आहेत, कोणते नाहीत. त्याला आधीच्या दुकानाचे नाव सांगू नका, कागद तेवढाच निःपक्ष राहतो. आणि हे निरीक्षण हाती येईपर्यंत, शिवाय पहिल्या दुकानाची हमी चालू असेल तोवर, कॅमेरा दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेऊ नका. नुसता बघायला द्या. एकदा दुसऱ्याचा हात आत फिरला की पहिला सगळा दोष त्याच्यावर ढकलतो.